फोटो फिका आला म्हणून लगेच प्रिंटरला नावं ठेवू नका

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर, मागच्या दिवाळीला आम्ही घरी ऑल-इन-वन इंक टँक प्रिंटर घेतला. मी शाळेत शिकवते त्यामुळे प्रश्नपत्रिका, मुलांचे प्रकल्प, आधारची झेरॉक्स सगळं त्याच्यावरच चालतं आणि त्याबद्दल काहीच तक्रार नाही. पण लग्नातले फोटो काढायला घेतले तर एकदम निस्तेज येतात, मोबाईलमध्ये भाचीची पैठणी कशी झळकते आणि कागदावर तीच मातकट दिसते. बॉक्सवर तर ४८०० बाय १२०० डीपीआय (म्हणजे इंचाला एवढे ठिपके) लिहिलंय. आमचे भाऊजी म्हणतात मशीनच हलकं लागलं, देऊन टाका. दोन प्रिंट सोबत पाठवतेय, एक साध्या कागदावरची आणि एक ग्लॉसीवरची. हे मशीन फोटोसाठी चांगलं का वाईट हे घरच्या घरी ओळखायचं कसं?
— एक शिक्षिका, अमळनेर

उत्तर : ताई, प्रिंट पाठवल्या हे फार चांगलं केलं, नाहीतर नुसतं "फोटो बरोबर येत नाही" एवढ्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही. दोन्ही प्रिंट घेऊन मी सकाळी खिडकीपाशी बसलो. साध्या कागदावरची तर आधी बाजूलाच ठेवा. तो रोजचा झेरॉक्सचा कागद आहे, ७०-७५ जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन), त्याच्यात शाई टिपकागदासारखी आत जाते आणि आजूबाजूला पसरते, रंग वर राहतच नाही तर तो उठून दिसणार कुठून. मंडपाच्या मागचं जे गडद आभाळ आहे ना, तिथं कागद चक्क फुगून वर आलाय, ते शाईतल्या पाण्यामुळे. कितीही भारी मशीन आणलं तरी त्या कागदावर हेच होणार.

खरी गोष्ट ग्लॉसीवरच्या प्रिंटमध्ये आहे. भाचीच्या केसांवरून मी हलकंच बोट फिरवलं तर बोटाला काळं लागलं, तुम्ही प्रिंट काढून पोस्टात टाकून इथं यायला इतके दिवस गेले तरी ते वाळलेलं नाही. मग प्रिंट तिरपी धरून उजेडात बघितली तर चेहरा, हात, पैठणीचा पदर छान चमकतोय आणि केस, भुवया, काठाची काळी रेघ हे सगळं खडूनं काढल्यासारखं कोरडं, बिनचमकीचं. ताई, हे मशीन खराब असल्याचं लक्षण नाही, मशीनला चुकीचा कागद सांगितल्याचं लक्षण आहे.

असं का होतं ते सांगतो. घरगुती टँकवाल्या बऱ्याच मशीनमध्ये काळी शाई पिगमेंटची असते आणि बाकीचे तीन रंग डायचे. डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग आणि पिगमेंट म्हणजे पाण्यात तरंगणारे रंगाचे अगदी बारीक कण. पिगमेंट काळी शाई साध्या कागदासाठी ठेवलेली असते कारण ती कागदात पसरत नाही, अक्षर कसं ठसठशीत येतं, तुमच्या प्रश्नपत्रिका म्हणूनच चांगल्या येतात. पण ग्लॉसी कागदावर जो लेप असतो तो ही काळी शाई धरत नाही, ती नुसती वर बसून राहते आणि बोटाला येते. म्हणून मशीनला जर कळलं की आत ग्लॉसी कागद आहे तर ते पिगमेंट काळा बाजूला ठेवतं आणि निळा, किरमिजी, पिवळा हे तीन रंग मिसळून काळा तयार करतं. आता मशीनला कळणार कसं? तर तुम्ही सांगाल तेव्हाच. प्रिंट देताना जी खिडकी उघडते त्यात पेपर टाइप म्हणून एक जागा असते, तिथं प्लेन पेपर राहिलं होतं, मी हे बघितल्याशिवाय लिहितोय पण बोटाला लागलेला काळा रंग दुसरं काही सांगत नाही.

तेव्हा आधी हे दुरुस्त करा. पेपर टाइपमध्ये ग्लॉसी फोटो पेपर, क्वालिटीमध्ये हाय, साइज ४ बाय ६. मोबाईलवरून प्रिंट देत असाल तर या सेटिंग आतल्या पानावर लपलेल्या असतात, बहुतेक लोक तिथपर्यंत जातच नाहीत आणि सगळे फोटो प्लेन पेपर, स्टँडर्ड क्वालिटीवर निघतात. जमलं तर फोटोचं काम कॉम्प्युटरवरूनच करा. कागदाची चमकणारी बाजू कुठली हे बघून घाला, काही मशीनमध्ये कागद मागून उभा जातो आणि काहींमध्ये खालच्या ट्रेमधून उलटा, त्यामुळे कुठली बाजू वर ठेवायची ते मशीनप्रमाणे बदलतं. ओळखू आलं नाही तर बोट जरासं ओलं करून कोपऱ्याला लावा, जी बाजू चिकटते ती लेपाची. आणि बॉर्डरलेस, म्हणजे कडेला पांढरी पट्टी न सोडता, करणार असाल तर मशीन फोटो थोडा मोठा करून कडा बाहेर सोडतं, त्यात मोबाईलचा फोटो ४:३ चा आणि ४ बाय ६ चा कागद ३:२ चा, म्हणजे आडव्या फोटोत वरचं आणि खालचं जातंच. ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या काकांचं टोपीसकट डोकं जातं ते यानंच. आधी स्वतः क्रॉप करून घ्या.

आता परीक्षेकडे येऊ. पहिली गोष्ट, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो परीक्षेला घ्यायचा नाही. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, चेहऱ्याची कातडी मेणासारखी होते आणि दोष प्रिंटरवर जातो. ज्यानं काढला त्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, किंवा सरळ स्वतःच्या मोबाईलमधला मूळ फोटो घ्या. दुसरं म्हणजे नोझल चेक काढा, शाईची सगळी छिद्रं उघडी आहेत का ते त्यात कळतं, ती एक बारीक रेघांची जाळी येते, त्यात एकही रेघ तुटलेली नको. रेघ तुटलेली असताना फोटोची परीक्षा करणं म्हणजे पंक्चर गाडीचं ॲव्हरेज काढण्यासारखं आहे.

मग फोटो निवडा. मी कोणाचंही मशीन बघायचं असलं तर चार गोष्टी बघतो आणि त्यातली सगळ्यात मोठी चेहरा. ओळखीचा चेहरा, रोज डोळ्यासमोर असलेला, सावलीत काढलेला, घरातल्याच कोणाचा तरी. अनोळखी मॉडेलचा चेहरा कितीही लाल-पिवळा आला तरी आपल्याला कळत नाही पण आईचा चेहरा जरासा हिरवट झाला तर डोळा लगेच अडकतो. आपल्याकडच्या गव्हाळ, सावळ्या रंगात मशीन खूप चुका करतात, सावळा चेहरा विटकरी करतात नाहीतर राखाडी. गालावर आणि कपाळावर जिथं उजेड पडलाय ती जागा जवळून बघा. चार रंगांच्या मशीनकडे फिकट शाई नसते, त्यामुळे उजळ कातडी दाखवायला ते किरमिजी आणि पिवळे ठिपके लांब लांब टाकतं आणि मधला पांढरा कागद सोडतं, म्हणून कपाळावर रवा सांडल्यासारखी बारीक खर दिसते. सहा रंगांच्या फोटो प्रिंटरमध्ये फिका निळा आणि फिका किरमिजी वेगळे असतात ते याच कामासाठी, तिथं ती खर जवळपास नाहीशी होते. तुमचं मशीन चार रंगांचं आहे, थोडी खर येणार, ती हातात धरून वाचायच्या अंतरावरून दिसते का नाही एवढाच प्रश्न. भिंग लावून बघू नका, भिंगाखाली प्रत्येक इंकजेटमध्ये ठिपके दिसतातच.

दुसरा फोटो लाल मिरचीचा. नंदुरबारकडे हंगामात पथारीवर मिरची वाळत घातलेली असते ना, लांबच लांब लाल, तसा फोटो मिळाला तर सोनं, नाही तर बाजारात ढीग लावलेला काढून आणा. मोबाईलवर त्यात प्रत्येक मिरची वेगळी दिसते, सुरकुती दिसते, देठ दिसतो. कागदावर बघा, मिरच्या वेगवेगळ्या राहिल्या का सगळा मिळून एक लाल लगदा झाला. भडक रंगांमध्ये मशीनची ताकद संपते, एका मर्यादेपुढचा सगळा लाल त्याला सारखाच. तुमच्या पैठणीचं थोडं दुःख इथलंच आहे, मोबाईलची स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद फक्त खोलीतला उजेड परत देतो, त्यामुळे स्क्रीनवरची झळाळी जशीच्या तशी कागदावर कोणतंच मशीन आणू शकत नाही. मोबाईलचा ब्राइटनेस अर्ध्यावर आणा, डिस्प्लेचा विविड मोड बंद करा, मग शेजारी धरून बघा, निम्मी तक्रार तिथंच मिटेल. जरीत मात्र बारकावा दिसलाच पाहिजे, सोनेरी तार आणि तिच्या शेजारचा रेशमी धागा वेगळा कळला पाहिजे, मातकट पिवळा पट्टा आला तर ते चालणार नाही.

तिसरा आभाळाचा, संध्याकाळी खालून केशरी आणि वर जाताना निळं होत जाणारं आभाळ. आपल्याकडे सपाट शिवार आणि मोठं आभाळ, असा फोटो कोणाच्याही मोबाईलमध्ये असतो. त्यात रंग हळूहळू बदलायला पाहिजे. पायऱ्या पडल्यासारखे पट्टे दिसले तर एकतर मूळ फोटोच दाबलेला आहे किंवा मशीनला मधल्या छटा जमत नाहीत. आणि आडव्या बारीक रेघा ठरावीक अंतरानं दिसल्या तर त्याला बँडिंग म्हणतात, शाई सोडणारा भाग, म्हणजे हेड, एक फेरी मारतो, कागद पुढे सरकतो, पुन्हा फेरी मारतो, त्या दोन फेऱ्यांचा सांधा नीट जुळत नाही. मशीनच्या मेनूतून हेड अलाइनमेंट (हेडची जुळणी) करून आणि प्रिंटच्या सेटिंगमधला हाय स्पीडचा टिक काढून पुन्हा बघा, तरी राहिलं तर मात्र तो मशीनचा दोष धरा.

चौथी परीक्षा फोटोची नाहीच, राखाडी पट्टीची. कॉम्प्युटरवर कुठल्याही चित्राच्या ॲपमध्ये अकरा चौकोन करा, पहिला पूर्ण पांढरा, शेवटचा पूर्ण काळा, मधले सारख्या टप्प्यानं गडद होत जाणारे. रंग अजिबात नको. ती ग्लॉसीवर काढा आणि नीट बघा. ही पट्टी खोटं बोलत नाही. चार रंगांच्या मशीनला ग्लॉसीवर राखाडी रंग तीन रंगांतून बनवायला लागतो, त्यातला एक जरी जरा जास्त पडला तर राखाडी गुलाबी नाहीतर हिरवट होते, आणि राखाडीत जो रंग चढतो तोच तुमच्या प्रत्येक फोटोत, प्रत्येक चेहऱ्यात चढलेला असतो, फक्त तिथं तो ओळखू येत नाही. शेवटचे दोन-तीन गडद चौकोन एकमेकांत मिसळून गेले असतील तर काळ्या साडीच्या चुण्या, रात्रीच्या फोटोतला मागचा माणूस हे सगळं या मशीनवर बुडणार. पांढऱ्याच्या शेजारचा चौकोन दिसतच नसेल तर नवरदेवाच्या पांढऱ्या शेरवानीची नक्षी जाणार.

बघायचं कुठं हेही तितकंच महत्त्वाचं. पिवळ्या बल्बखाली हिरवट झाक लपते, घरातल्या काही एलईडीखाली उगाच दिसते. सकाळी नऊ-दहाला खिडकीपाशी, थेट ऊन पडणार नाही अशा जागी बसा. प्रिंट निघाल्या निघाल्या निकाल देऊ नका, अर्धा तास थांबा, ओल्या शाईचा रंग वाळल्यावर थोडा बदलतो. ४ बाय ६ हातात धरून, ए-फोर हात लांब करून.

आता ते ४८०० बाय १२००. तो आकडा शाईचे थेंब किती बारीक अंतरावर टाकता येतात त्याचा आहे, फोटोच्या बारकाव्याचा नाही. एकेक छटा दाखवायला मशीनला खूप थेंब एकत्र वापरावे लागतात. फोटोसाठी हिशोब वेगळा, इंचाला ३०० पिक्सेल मिळाले की डोळ्याला पुरतं. ४ बाय ६ ला १२०० बाय १८०० पिक्सेल, ए-फोरला साधारण २४८० बाय ३५०८, म्हणजे १२ मेगापिक्सेलच्या साध्या मोबाईलचा मूळ फोटो ए-फोरला सुद्धा पुरतो. त्यामुळे दोन मशीनच्या बॉक्सवरचे डीपीआय एकमेकांशी लावून कुठलं चांगलं हे ठरवू नका, त्यापेक्षा चार रंग का सहा हे विचारा, ते जास्त कामाचं आहे.

भाऊजींना एवढं सांगा की बदलायची घाई नको. तुम्ही जे मशीन घेतलंय ते शाळेच्या कामाला उत्तम आणि फोटोला ठीक या जातीचं आहे. पाहुण्यांना हातोहात द्यायला, अल्बममध्ये, मुलांच्या प्रकल्पात लावायला ते पुरे आहे. पण लग्नाचे शंभर फोटो हवे असतील तर लॅबला द्या, बऱ्याच लॅबमध्ये कागदावर उजेड पाडून केमिकलमध्ये धुतात, अशा प्रिंटमध्ये ठिपके नसतातच, आणि शंभराच्या हिशोबात ग्लॉसी कागद, शाई, वाया गेलेल्या प्रिंट आणि तुमची अख्खी दुपार धरली तर घरचं काही स्वस्त पडत नाही. सेटिंग बदलून त्याच भाचीचा फोटो पुन्हा काढा आणि केसांवर बोट फिरवून बघा, काळं लागणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये प्रिंटर हमखास बसतो. फोटोत पांढऱ्या रेघा येतात, हेड क्लीनिंग आठ-दहा वेळा केलं, शाई निम्मी झाली तरी रेघा आहेतच. दुकानदार म्हणे हेड गेलं.
— केळी बागायतदार, रावेर

उत्तर : भाऊ, रावेर-यावलचा उन्हाळा तुम्हाला काय सांगायचा, पारा ४५ च्या आसपास आणि हवा एकदम कोरडी. शाई येते ती छिद्रं केसापेक्षा बारीक, त्यातलं पाणी उडालं की शाई तिथंच घट्ट होते. पण मला वाटतं तुमचं कारण आणखी एक आहे. प्रिंटर बंद करताना तुम्ही भिंतीवरचं बटण बंद करता का? बहुतेक घरात तसंच करतात, किंवा लाईट जाते आणि मशीन आहे त्या अवस्थेत राहतं. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणानं बंद केलं की हेड बाजूला जाऊन रबरी टोपीवर बसतो आणि झाकला जातो. भिंतीवरून बंद केलं तर तो मधेच उघडा राहू शकतो आणि उघडा हेड मे महिन्यात दोन दिवसांत वाळतो. आधी मशीनचं बटण, दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग भिंतीवरचं.

क्लीनिंग लागोपाठ दोन-तीन वेळाच. तेवढ्यात सुटलं नाही तर मशीन रात्रभर तसंच सोडा, वाळलेली शाई नवीन शाईनं हळूहळू भिजते आणि सकाळी पुन्हा नोझल चेक काढला की बऱ्याचदा रेघ परत आलेली असते. दहा वेळा सलग करून फक्त शाई जाते, आणि ती जाते कुठं तर मशीनच्या पोटात एक स्पंजसारखा पॅड असतो त्यात, तो भरला की मशीनच काम थांबवतं. हेड गेलं म्हणून लगेच मान्य करू नका. कॅनन, एचपी यांच्या बऱ्याच टँक मॉडेलमध्ये हेड सुटा निघतो आणि बदलता येतो, एपसनचा मशीनमध्येच पक्का बसवलेला असतो, तिथं बदलायचा खर्च जवळपास नव्या मशीनपर्यंत जातो, म्हणून आधी हे सगळे उपाय करा. आणि उन्हाळ्यात दर चार-पाच दिवसांनी एक छोटी रंगीत प्रिंट काढत जा, चारही रंग असलेली. पत्र्याच्या खोलीत, खिडकीच्या उन्हात मशीन ठेवू नका, कागदाचं पाकीटही नको.

प्रश्न : लूज शाई, म्हणजे प्रिंटरच्या कंपनीची नसलेली, अर्ध्या किमतीत मिळते. फोटोत खरंच फरक पडतो का?
— कॉलेज विद्यार्थी, धुळे

उत्तर : पडतो. नोट्स काढायला काही वाटणार नाही, फोटोत पडतो. मशीनमधलं सॉफ्टवेअर ठरावीक शाई गृहीत धरून कुठला रंग किती टाकायचा ते ठरवतं, शाई बदलली की ते गणित चुकतं आणि वर सांगितलेल्या राखाडी पट्टीत लगेच दिसतं. मी स्वतः एकदा लूज शाई भरून घरच्यांचा फोटो काढून हॉलमध्ये लावला होता, पहिल्या दिवशी कोणाला फरक कळला नसता, पण पाऊस संपून दिवाळी येईपर्यंत निळा उडाला आणि सगळे चेहरे लालसर झाले. शेजारीच कंपनीच्या शाईचा फोटो होता, त्याच भिंतीवर, त्याच उजेडात, तो चांगला राहिला. तो लाल झालेला फोटो उतरवताना मला फार वाईट वाटलं कारण त्यातली आत्या तोवर राहिली नव्हती, आणि मूळ फाइल मी जपून ठेवली होती म्हणून पुन्हा काढता आला. तुमच्याकडे भरायचीच असेल तर नोट्सच्या मशीनमध्ये भरा.

प्रश्न : वडील गेल्या वर्षी गेले. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी घागर भरून पितर जेवू घालतो तेव्हा त्यांचा फोटो ठेवायचा आहे. त्यांचा एकच चांगला फोटो आहे, जुना ब्लॅक अँड व्हाइट, पासपोर्ट साइजचा. घरच्या प्रिंटरवर ए-फोर काढला तर हिरवट येतो आणि चेहरा धूसर. स्टुडिओत द्यायला मन होत नाही, एकच फोटो आहे, हरवला तर? काय करू?
— एक वाचक, पाचोरा

उत्तर : दादा, फोटो हातचा सोडू नका, तुमचं बरोबर आहे. स्कॅन घरीच होईल, ऑल-इन-वनच्या काचेवरच.

आधी काच मऊ कोरड्या कापडानं पुसा, फोटोवरची धूळ मऊ ब्रशनं किंवा फुंकर मारून काढा, कापडानं घासू नका आणि पाणी तर लावूच नका. स्कॅन साध्या सेटिंगवर ठेवलं तर ३०० डीपीआयवर होतं, ते इतक्या लहान फोटोला पुरत नाही. ६०० वर करा. ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या फोटोतून मग साधारण ८३० बाय १०६० पिक्सेल मिळतात. १२०० वर करून बघायला हरकत नाही पण जुन्या कागदातच तेवढा बारकावा नसला तर नुसता कागदाचा पोत मोठा होतो. आता हे १०६० पिक्सेल ए-फोरच्या साडेअकरा इंचांवर ताणले तर इंचाला शंभर सुद्धा येत नाहीत, म्हणून चेहरा धूसर. तेच ४ बाय ५ इंचात काढलं तर इंचाला दोनशेच्या वर मिळतात, डोळे, मिशा, कपाळावरचा गंध सगळं स्वच्छ येतं. फार तर ५ बाय ७. मोठी फ्रेम हवी असेल तर चारही बाजूंनी रुंद पांढरा माउंट (जाड कागदाची चौकट) सोडा आणि मध्ये वडिलांचा फोटो, भिंतीवर ते छान भारदस्त दिसतं. मोबाईलच्या ॲपमध्ये टाकून चेहरा "क्लिअर" करून घ्यायचा मोह होईल, तो करू नका असं मी कळकळीनं सांगतो. ती ॲप स्वतःच्या मनानं डोळे, ओठ नवीन काढतात, फोटो चकचकीत होतो पण माणूस दुसराच होतो. आई बघेल तेव्हा तिला लगेच कळेल.

हिरवटपणाचं कारण वर अमळनेरच्या ताईंना सांगितलंय तेच, ग्लॉसीवर काळा-राखाडी तीन रंगांतून बनतो. यावर तुमच्या मशीनमध्ये दोन रस्ते आहेत. काळी शाई पिगमेंटची असेल तर ग्लॉसी सोडून इंकजेटचा मॅट पेपर आणा, पेपर टाइप मॅट करा आणि कलरऐवजी ग्रेस्केल निवडा, बऱ्याच मशीन मग मुख्यतः काळी शाईच वापरतात आणि राखाडी शुद्ध येते. काळा थोडा कमी गडद दिसेल, पण मॅटवर काचेच्या आड ते कमी जाणवतं, आणि पिगमेंट उजेडात डायपेक्षा जास्त टिकतं. दुसरा रस्ता म्हणजे ग्लॉसीवरच काढायचं असेल तर फोटो पूर्ण काळा-पांढरा न ठेवता त्याला अगदी हलकी तपकिरी झाक द्या, जुन्या फोटोला असते तेवढीच. हिरवटपणा तिच्याखाली दबतो आणि जुना फोटो तसाही तपकिरीच असतो, मनाला खटकत नाही.

जमलं तर एक करा, पाचोऱ्याहून चाळीसगाव काही लांब नाही, स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, आता तिथं त्यांचं कलादालन आहे. १९१२ चा जन्म, १९८९ ला गेले, बहुतेक आयुष्य त्या घरात काढलं आणि तिथंच फोटो केले. त्यांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो जवळ जाऊन बघा, काळ्यात किती प्रकारचे काळे आहेत आणि म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुतीत उजेड कसा उतरतो. एकदा ते डोळ्यात बसलं की घरच्या प्रिंटमध्ये काय कमी आहे ते तुम्हाला कोणी सांगावं लागणार नाही, ब्राइटनेस किती वाढवायचा, सावली किती सोडायची हे हात आपोआप करेल. डार्करूममध्ये आम्ही मोठा कागद वाया जाऊ नये म्हणून आधी एक अरुंद पट्टी काढून बघायचो, तसंच करा, आधी फक्त डोळे आणि कपाळ एवढाच भाग लहान कागदावर, खिडकीपाशी बघा, मग तोच भाग एकदा थोडा उजळ, एकदा थोडा गडद काढा, तिन्हींतला जो वडिलांसारखा वाटेल तो घ्या.

प्रिंट निघाल्यावर एक दिवस उघडी वाळू द्या, लगेच काचेत घातली तर आत वाफ धरते आणि ग्लॉसी काचेला चिकटते. काच आणि फोटो यांच्यात माउंटची फट ठेवा. गंध, कुंकू, अक्षता काचेला लावा, फुलांचा हार फ्रेमच्या बाहेरून येऊ द्या, पाण्याचा थेंब डायच्या शाईला लागला तर तो भाग पसरतो आणि परत येत नाही. समई, अगरबत्ती फोटोच्या थेट खाली नको. स्कॅनची फाइल पेनड्राइव्हवर एक, भावाच्या किंवा बहिणीच्या मोबाईलमध्ये डॉक्युमेंट म्हणून एक, आणि मूळ फोटो कागदाच्या पाकिटात कपाटात, प्लास्टिकच्या चिकट अल्बममध्ये नाही. लहान पट्टी काढली की एक मलाही पाठवा, फ्रेम करायच्या आधी बघून सांगतो.